शंभर किमी बाकी असताना सुटलेला पोगाचार मागच्या सगळ्यांना मिळून का सापडत नाही?

चाकोरीबाहेर (प्रश्न) :

नमस्कार मंडळी. सायकल रेसिंग बघायला लागून मला फार काळ झालेला नाही, यंदाच्या टूर द फ्रान्सपासून नाद लागला आणि आता वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या जुन्या रेसेस शोधून शोधून बघत बसतो. २०२४ ची झ्युरिकची पुरुषांची रोड रेस बघितली, तिला लागूनच यंदाची (२०२५) रवांडातल्या किगालीची बघितली आणि दोन्हीकडे सेम पिक्चर. झ्युरिकला विंटरथूरहून निघून एकूण २७३.९ किमी, त्यात साधारण १०० बाकी असताना स्लोव्हेनियाचा तादेज पोगाचार उठला आणि गेला. किगालीला २६७.५ किमी, तिथे १०४ बाकी असताना उठला आणि गेला. दोन्ही वेळा शेवटपर्यंत कोणाच्या हाती लागला नाही.

आता मला जेवढं कळतं त्यानुसार पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं की ताकद खूप वाचते, म्हणूनच तर सगळे घोळक्याने जातात ना. मग एका बाजूला एकटा माणूस, सगळा वारा तोंडावर घेणारा, आणि दुसऱ्या बाजूला वीस-तीस जण, तेही ऐरेगैरे नाहीत, नेदरलँड्सचा व्हॅन डर पूल, बेल्जियमचा एव्हनपूल, स्वित्झर्लंडचा हिर्शी अशी मंडळी, यांनी आलटून पालटून पुढे येऊन जोर लावला तर अर्ध्या तासात विषय संपायला पाहिजे. झ्युरिकला तर तो जिंकला फक्त ३४ सेकंदांनी! जवळपास साडेसहा तासांच्या रेसमध्ये ३४ सेकंद म्हणजे काय आहे हो. मग पकडला का नाही, जमत नाही की करत नाहीत?

आणि एक जोडप्रश्न, हे सगळे त्या दिवशी देशाच्या जर्सीत असतात पण वर्षभर वेगवेगळ्या देशांचे लोक एकाच कंपनीच्या टीममध्ये पगार घेतात, मग त्या दिवशी नक्की कोण कोणाचं?

गियर_बावीस :

पहिले ते ३४ सेकंद डोक्यातून काढा. तो आकडा बेन ओ'कॉनर अगदी शेवटी मागच्या ग्रुपमधून एकटाच सुटला आणि दुसरा आला म्हणून दिसतो. तिसरा व्हॅन डर पूल ५८ सेकंदांवर आहे, म्हणजे जो ग्रुप पाठलाग करत होता तो जवळपास मिनिटभर मागे होता. आणि शेवटच्या लॅपला पोगाचार खरंच थकला होता, खांदे हलत होते त्याचे, त्यामुळे गॅप कमी झाला.

आता तुमचा हवेचा मुद्दा. ताकद वाचते ती सपाटीवर. ४५-५० च्या स्पीडला तुमची बहुतेक मेहनत हवा ढकलण्यात जाते म्हणून मागे बसलेल्याची ढोबळमानाने तिसरा हिस्सा वाचते, मोठ्या घोळक्याच्या पोटात असाल तर अजून बरीच. पण चढ लागला की स्पीड २० च्या आसपास येतो आणि मग तुम्ही हवेशी नाही, स्वतःच्या वजनाशी भांडत असता. तिथे मागे बसून वाचतं ते नाममात्र. आणि झ्युरिकचा सर्किट बघा, साधारण २७ किमीचा एक लॅप, त्यात झ्युरिकबर्गश्ट्रासेचा एक किमीच्या वरचा खडा चढ, मग विटिकॉनचा लांब चढ, मग अरुंद वळणावळणाचा उतार. पूर्ण रेसची चढाई साडेचार हजार मीटरच्या घरात. म्हणजे घोळक्याला फायदा मिळेल असा सरळसोट सपाट रस्ता आहेच किती? उतारावर तर उलटं होतं, एकटा माणूस आपली लाईन धरून सुसाट जातो आणि मागचे तीस जण वळणावर एकामागे एक ब्रेक मारत माळेसारखे लांबतात, शेवटच्याला प्रत्येक वळणानंतर परत स्प्रिंट मारावी लागते.

सर्किट वेगळा असता, सपाट असता, तर शंभर किमी आधीचा अटॅक म्हणजे खरंच वेडेपणा होता. ही जागा बघून मारलेला अटॅक आहे. (आता तो स्वतः नंतर म्हणाला की आपण काय विचार करत होतो कळत नाही, मूर्खपणाच होता बहुतेक, ती गोष्ट वेगळी 😄)

निवृत्त_घाटाचा_राजा :

गियर भाऊंनी बरोबर लिहिलंय, फक्त एक भर घालतो. आम्ही मुंबई-पुणे रेस मारायचो तेव्हाची गोष्ट सांगतो म्हणजे कळेल, खोपोलीपर्यंत घोळका असतो, कोणीही टिकतं, आपल्यासारखा अर्धवट ट्रेनिंगवालासुद्धा पुढच्याच्या चाकाला चिकटून आरामात जातो आणि स्वतःला लय भारी समजतो. बोर घाट सुरू झाला की पाच मिनिटांत दूध का दूध. तिथे कोणाच्या मागे बसून काही मिळत नाही, आपल्या पायात जेवढं आहे तेवढंच वर जातं. घाटमाथ्यावर पहिला येणारा आणि दहावा येणारा यांच्यात जो फरक पडतो ना तो पुढे लोणावळ्यापासून पुण्यापर्यंतच्या रस्त्यावर भरून निघायला मागच्यांनी एकमेकांना मदत करावी लागते आणि तिथेच गाडं अडतं, कारण जो तो बघतो की दुसरा किती खेचतोय. आमच्यात तर भांडणं व्हायची चालत्या सायकलवर, शिव्यांसकट.

वर्ल्ड चॅम्पियनशिपला पण माणसंच असतात हो. शिव्या इंग्लिशमध्ये किंवा फ्लेमिशमध्ये, एवढाच फरक.

चाकोरीबाहेर :

धन्यवाद दोघांना, चढाचं समजलं. पण मग झ्युरिकला १०० किमी बाकी होते तेव्हा तर मागे अख्खा बंच (मुख्य घोळका) होता, बेल्जियमचे लोक पुढे येऊन खेचत होते हे दिसतंय व्हिडिओत. तेव्हा लगेच का नाही बंद केला गॅप?

रेनबो_मृदुला :

मी ही रेस लाईव्ह पूर्ण बघितली होती, रविवार होता, घरच्यांनी नाव टाकलं होतं 😅 तर क्रम सांगते कारण हायलाइट्समध्ये हा भाग कापलेला असतो आणि सगळी मजा तिथेच आहे.

पोगाचारच्या आधी बरेच जण पुढे गेलेले होते. एक सकाळचा ब्रेकअवे (सुरुवातीलाच घोळक्यातून सुटलेला ग्रुप) आणि त्याच्यामागून एक दुसरा ग्रुप, ज्यात स्लोव्हेनियाचा यान त्रातनिक होता. हे नाव लक्षात ठेवा. पोगाचारने अटॅक मारला तेव्हा त्याच्यामागे इटलीचा बाजिओली गेला होता पण टिकला नाही. आता इथे पोगाचार एकटा वाऱ्यात अडकला असता तर कदाचित मागच्यांनी आणला असता परत. पण त्रातनिक पुढच्या ग्रुपमधून मागे थांबला, पोगाचार आला तसा त्याच्यापुढे लागला आणि जीव तोडून खेचत त्याला पुढच्या ग्रुपपर्यंत नेऊन सोडलं. म्हणजे सगळ्यात महाग पडणारे किलोमीटर पोगाचारने दुसऱ्याच्या मागे बसून काढले. मग त्या ग्रुपमध्ये थोडा वेळ घालवून पुन्हा अटॅक, यावेळी फ्रान्सचा पावेल सिवाकोव्ह तेवढा सोबत राहिला आणि तोही साधारण ५१ किमी बाकी असताना सुटला. म्हणजे पूर्ण एकटा तो शेवटचे ५१ किमी होता. शंभर किमी सोलो असं सगळीकडे लिहितात ते चूक आहे.

आता मागच्यांचं. व्हॅन डर पूल नंतर म्हणाला की त्याला वाटलं पोगाचार स्वतःची रेस घालवतोय, एव्हनपूलचंही तेच, आत्मघातकी वाटलं त्यांना. हाच तुमच्या प्रश्नाचा अर्धा जबाब आहे. ज्या दहा मिनिटांत पकडणं शक्य होतं त्या दहा मिनिटांत दोघा मोठ्या दावेदारांना वाटत होतं की पकडायची गरजच नाही, आपोआप परत येईल. आणि नंतर गरज आहे हे कळलं तोवर त्यांच्या टीमचे खेचणारे गडी एकेक करून चढावर संपले. मग उरले फक्त लीडर आणि लीडर लोक एकमेकांसाठी खेचत नाहीत.

चेन_उतरली :

हे म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमधल्या पाण्याच्या टाकीसारखं झालं, गळते हे सगळ्यांना मान्य, दुरुस्ती करायला पाहिजे हे सगळ्यांना मान्य, पण प्लंबरला फोन कोणी करायचा यावर तीन महिने.

रेनबो_मृदुला :

@चेन_उतरली हो अगदी 😂 पण त्यात एक हिशोब पण आहे, नुसता आळस नाही. समजा एव्हनपूलने सगळी ताकद लावून पोगाचारला आणला. मग शेवटी स्प्रिंट लागली तर व्हॅन डर पूल त्याला सहज मारणार. म्हणजे एव्हनपूलने मेहनत करून दुसऱ्याला जर्सी द्यायची. व्हॅन डर पूलने खेचलं तर चढावर आयर्लंडचा हीली किंवा हिर्शी त्याला सोडून जाणार. टूरसारखी बऱ्याच दिवसांची स्टेज रेस असती तर टोटल टाइमसाठी, तिसऱ्या-चौथ्या नंबरसाठी कोणीतरी खेचलं असतं, इथे एका दिवसाचा खेळ आहे आणि रेनबो जर्सी एकालाच मिळते, तीही वर्षभर प्रत्येक रोड रेसमध्ये घालून मिरवायला. दुसऱ्याला पदक मिळतं पण पुढच्या वर्षी कोणालाही आठवत नाही तो कोण होता. त्यामुळे थोडं खेचून हरण्यापेक्षा न खेचता थोडी आशा ठेवलेली बरी असं वाटतं माणसाला.

किगालीलाच शनिवारी बायकांची रेस झाली ती बघा, हाच प्रकार उलट्या बाजूने दिसतो. मोठ्या नावांच्या सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या, पुढे गेलेल्या ग्रुपला कोणी मनावर घेतलं नाही आणि कॅनडाची माग्दलेन व्हालिएर जिंकून गेली, जिचं नाव रेसआधी कोणाच्या यादीत नव्हतं. तिथे पुढे पोगाचारसारखी कोणी नव्हती तरी पकडलं नाहीच. म्हणून माझं म्हणणं असं की पोगाचार ताकदवान आहे हे खरंच पण त्याला मागच्यांचा हा स्वभाव पाठ आहे, तो लांबून जातो ते त्याच भरवशावर.

नाशिक_ते_त्र्यंबक :

सॉरी पण मला हे सगळं जरा जास्तच डोकं लावणं वाटतंय. तो बाकीच्यांपेक्षा जास्त ताकदवान आहे. संपला विषय. किगालीला काय डावपेच होते? १६५ जण निघाले आणि ३० जणांनी रेस पूर्ण केली, तीस! चढाई साडेपाच हजार मीटरच्या जवळ, शहरच दीड हजार मीटर उंचीवर, त्यात ऊन. पाठलाग करायला माणसं शिल्लक राहिली तर डावपेच ना. दुसरा एव्हनपूल १ मिनिट २८ सेकंदांनी, तिसरा हीली २ मिनिटं १६ सेकंदांनी. त्याच्या पुढच्या आठवड्यात युरोपियन चॅम्पियनशिप, परत ७५ किमी आधी सुटला, परत एव्हनपूल दुसरा. मग इटलीतली एका दिवसाची लोंबार्दिया, परत तेच, परत एव्हनपूल दुसरा. एकदा होतं तेव्हा चूक म्हणा, तिसऱ्यांदा त्याच माणसाला तीच चूक होत नसते, पायच नाहीत तेवढे.

आणि मनापासून सांगतो, बोअर होतं राव. ग्लासगोची २०२३ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप बघा चाकोरीबाहेर भाऊ, ती रेस होती. मधेच आंदोलकांनी रस्ता अडवला, जवळपास तासभर सगळे रस्त्यात उभे, परत सुरू झाली तर पावसात अरुंद गल्ल्यांतून वळणंच वळणं, इटलीचा बेत्तिओल एकटा पुढे, मग व्हॅन डर पूलने त्याला मागे टाकलं, मग व्हॅन डर पूल ओल्या वळणावर धाडकन पडला, कपडे फाटले, बुटाचं बकल तुटलं, आणि उठून तरी दीड मिनिटाच्या वर फरकाने जिंकला. बेल्जियमचा व्हॅन आर्ट दुसरा आणि हो, पोगाचार तिसरा. म्हणजे त्यालाही हरवता येतं जर सर्किट फक्त चढांचा नसेल तर.

गियर_बावीस :

@नाशिक, पाय नाहीत हे मान्य पण किगालीचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. एव्हनपूलचं काय झालं ते बघा. नेमकं ज्या वेळी पोगाचार मॉन्ट किगालीच्या चढावर सुटला त्याच सुमाराला एव्हनपूलची सीट खड्ड्यात आदळून हलली होती, सायकल बदलली, ती दुसरी सायकल नीट बसेना, मग परत बदलायला रस्त्याच्या कडेला उभा राहून गाडीची वाट बघत हातवारे करत होता बिचारा. मिनिटभर तिथेच गेला असेल. तो माणूस आठवडाभर आधी टाइम ट्रायलमध्ये (एकेकाला ठराविक अंतराने सोडून घड्याळाशी रेस) पोगाचारच्या अडीच मिनिटं मागून निघून त्याला रस्त्यातच गाठून पुढे गेला होता, पोगाचार चौथा आला त्या दिवशी. म्हणजे एकट्याने सपाट-चढ सगळं मिळून सुसाट जायला एव्हनपूल कमी नाही. सीट हलली नसती तर जिंकला असता असं मी म्हणत नाही पण चित्र वेगळं दिसलं असतं.

नाशिक_ते_त्र्यंबक :

सीट हलली नसती, पाऊस आला असता, आत्याबाईला मिशा असत्या. बरं.

रेनबो_मृदुला :

भांडू नका 😀 युरोपियन आणि लोंबार्दियाचं नाशिकचं म्हणणं मला पटतं, तिथे खरंच पायांचाच प्रश्न होता. पण झ्युरिकला नव्हता. झ्युरिकला फरक जवळपास दोन तास मिनिटाच्या आसपास घुटमळत होता, एखाद्या देशाचे तीन गडी शिल्लक असते तर मिटला असता.

चाकोरीबाहेर :

वाह, एवढं सगळं कळेल असं वाटलं नव्हतं. त्रातनिकचा भाग परत जाऊन बघितला, काय खेचलंय त्याने. पण मग माझा दुसरा प्रश्न राहिलाच. सिवाकोव्ह आणि पोगाचार दोघं वर्षभर यूएई या टीमचे ना? हिर्शीपण त्याच टीमचा होता तेव्हा. आणि किगालीला पोगाचारबरोबर जे दोघं गेले, स्पेनचा आयुसो आणि मेक्सिकोचा डेल तोरो, तेही तेव्हा यूएईचेच. हे काय चाललंय? आणि अजून एक, कानात ते हेडफोनसारखं असतं टूरमध्ये, ते इथे दिसलं नाही कोणाच्या.

पेडल_पुराण :

इतका वेळ वाचत होतो, आता आमच्या आवडीचा विषय निघाला म्हणून लिहितो, लांबेल.

आधी हेडफोन. वर्ल्ड चॅम्पियनशिपला रेडिओला परवानगी नाही, ऑलिम्पिकलाही नसते. त्यामुळे गाडीत बसलेला डायरेक्टर कानात ओरडू शकत नाही की ऊठ, पोगाचार गेला. एक मोटरसायकलवाला पाटीवर गॅप लिहून दाखवतो, लॅप संपताना आपल्या टीमची माणसं कडेला उभी असतात ती ओरडून सांगतात, नाहीतर कोणीतरी मागे गाडीपर्यंत जाऊन विचारून यायचं. वरती मृदुलाताईंनी लिहिलंय ना की दहा मिनिटं लोक गोंधळात होते, त्या गोंधळाचं एक कारण हे. टूरमध्ये हाच अटॅक झाला तर तीस सेकंदांत पाच टीमच्या कानात ऑर्डर गेलेली असते. मला विचाराल तर सगळीकडेच रेडिओ बंद करावेत पण टीमवाले सेफ्टीचा मुद्दा काढतात आणि तो अगदी खोटाही नाही. झ्युरिकलाच त्याच आठवड्यात ज्युनिअर मुलींच्या रेसमध्ये म्युरिएल फुरर ही १८ वर्षांची स्विस मुलगी पडली आणि दुसऱ्या दिवशी गेली. त्यामुळे त्या विषयावर मी फार जोर लावत नाही.

आता कोण कोणाचं. हा या रेसचा जन्मापासूनचा रोग आहे. प्रोफेशनल लोकांची पहिली रेस १९२७ ला जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला झाली, इटलीचा आल्फ्रेदो बिंदा जिंकला, आणि वर्षभर कंपनीचं मीठ खाणारे त्या दिवशी देशाच्या जर्सीत ही भानगड तेव्हापासून. १९६३ ला बेल्जियममध्ये रोन्सला रेस होती, रिक व्हॅन लॉय हा घरचा राजा, सगळी टीम त्याच्यासाठी, आणि शेवटच्या स्प्रिंटला त्याच्याच टीमचा बेनोनी बेहेत त्याला मारून गेला. तिथे ढकलाढकली, जर्सी ओढणं सगळं झालं, फोटो आहेत. बेल्जियममध्ये अजून त्यावर वाद घालणारे म्हातारे सापडतात.

१९८२ ला इंग्लंडमध्ये गुडवूडला अमेरिकेचा जॉनथन बॉयर शेवटच्या टप्प्यात एकटा पुढे होता आणि त्याचा पाठलाग कोणी केला तर त्याच्याच देशाच्या ग्रेग लेमाँडने. देश एक पण टीम वेगळ्या, आणि दोघांचं जमायचं नाही. इटलीच्या सारोन्नीने लेमाँडच्या मागून जी झेप घेतली तिला इटलीत गुडवूडची गोळी म्हणतात अजून. लेमाँड दुसरा, बॉयर दहावा. पुढच्याच वर्षी लेमाँड स्वित्झर्लंडला जिंकला म्हणून तो विषय थोडा दबला.

आणि अगदी अलीकडचं २०२१, ल्यूव्हन, बेल्जियममध्येच. व्हॅन आर्ट लीडर, एव्हनपूलने दिवसभर त्याच्यासाठी राबराब राबून खेचलं, शेवटी व्हॅन आर्टकडे पाय नव्हते, फ्रान्सचा अलाफिलीप एकटा सुटून जिंकला, घरच्या मैदानावर बेल्जियमला पदक नाही, स्टाइवन चौथा. मग काही दिवसांनी एव्हनपूल टीव्हीवर म्हणाला की माझ्यात जिंकायची ताकद होती. झालं! महिनाभर पेपरांना खाद्य. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात वुलंगाँगला तो स्वतःच एकटा सुटून जिंकला तेव्हा शांत झाले सगळे.

तर सिवाकोव्हबद्दल तुम्हाला शंका येणं स्वाभाविक आहे, सगळ्यांना येते. पण त्याच्या जागी उभे राहून बघा, फ्रान्सचा रायडर म्हणूनही त्याच्यासमोर जगातला सगळ्यात ताकदवान माणूस चाललाय, त्याच्या चाकाला लटकायचं नाही तर काय मागच्या ग्रुपची वाट बघायची? लटकल्यामुळे पदकाची आशा होती. डेल तोरोचंही तसंच, मेक्सिकोकडे काय आठ-दहा तगडे रायडर नाहीत त्याच्यासाठी खेचायला, पोगाचारच्या मागे गेला तर निदान पुढे तर राहील. शेवटी तो सातवा आला आणि आयुसो आठवा. म्हणजे यूएईचे म्हणून गेले की तिघंही चढावर सगळ्यात जोरदार म्हणून गेले, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. यूएईने चढाचे इतके चांगले रायडर गोळा केलेत की कोणत्याही डोंगरी रेसमध्ये पुढचे पाच बघा, त्यात त्यांचे दोन-तीन सापडणारच. मात्र मागे बसून एखाद्याने खेचायला नकार दिला, किंवा पुढच्या चाकाला मुद्दाम दोन मीटर सोडले, तर ते कोण सिद्ध करणार? कॅमेऱ्यात दिसत नाही ते.

नाशिक_ते_त्र्यंबक :

पुराण भाऊ नंबर १ पोस्ट. फक्त एक सांगा, पूर्वी बेल्जियमचा एडी मर्क्स वगैरे पण असे लांबून जायचे ना? मग मधल्या काळात बंद का झालं होतं?

पेडल_पुराण :

जायचा की. मधल्या काळात मोठ्या टीम सगळं कंट्रोल करायला लागल्या, शेवटच्या तासापर्यंत बंच एकत्र ठेवायचा आणि मग खेळायचं. ऑस्कार फ्रेरे तीन वेळा जिंकला, पीटर सागान तर २०१५, १६, १७ लागोपाठ तीन वेळा, दोघंही शेवटी वेग काढणारे. लांबून जाणाऱ्याला लोक हसायचे.

आता परत सुरू झालं त्याचं मला वाटतं मोठं कारण खाणं आहे. हो, खाणं. पूर्वी तासाला ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट म्हणजे पुष्कळ समजायचे, आता ९० ते १२० ग्रॅम सहज पचवतात हे लोक, पोटालाच ट्रेनिंग देतात त्याचं. त्यामुळे शंभर किमी आधी ताकद उधळली तरी शेवटी टाकी रिकामी होत नाही. झ्युरिकची रेस ६ तास २७ मिनिटं चालली, सरासरी ४२ च्या वर, एवढ्या चढासकट. जुन्या काळी हा माणूस पाचव्या तासाला डोळ्यांपुढे काजवे बघत रस्त्याच्या कडेला बसला असता.

निवृत्त_घाटाचा_राजा :

काय ते पोटाला ट्रेनिंग. आम्ही केळी आणि ग्लुकोज बिस्किटावर मारली रेस, ती पण खिशात चुरा झालेली. लोणावळ्याच्या पुढे कोणीतरी रस्त्यावरून लिंबू सरबत हातात दिलं तर तो देव.

चेन_उतरली :

@राजा साहेब, म्हणून तुम्ही निवृत्त आणि तो वर्ल्ड चॅम्पियन 😜

चाकोरीबाहेर :

😂😂 मंडळी खरंच आभार, आता झ्युरिक परत पहिल्यापासून बघणार, यावेळी पोगाचारकडे न बघता मागच्या ग्रुपकडे बघणार. जाता जाता एक, पुढच्या वर्षी कुठे आहे? आणि तिथे कोणी पकडेल असा सर्किट आहे का?

गियर_बावीस :

मॉन्ट्रिआल, कॅनडा, २० ते २७ सप्टेंबर २०२६. सर्किट माँ रोयाल टेकडीवरून जातो, तिथे दरवर्षी सप्टेंबरमध्ये ग्रां प्री होते तीच जागा, चढ आहेतच आहेत. त्यामुळे तुमचा पोगाचार तिथेही आवडीनेच येईल. पण किगालीइतकं मारक नाही, जास्त लोक शेवटपर्यंत टिकतील, आणि यंदा किगालीला न गेलेले व्हॅन डर पूल, व्हॅन आर्ट आले तर खेचायला माणसं मिळतील. मी तरी आशा ठेवून आहे.

पेडल_पुराण :

मॉन्ट्रिआललाच १९७४ ला मर्क्स जिंकला होता, पुलिदोर दुसरा. त्याच वर्षी मर्क्सने जिरो (इटलीची टूर) आणि टूर द फ्रान्स दोन्ही जिंकले होते. एका वर्षात तिन्ही असं मर्क्सनंतर १९८७ ला स्टीफन रोशला जमलं आणि मग थेट २०२४ ला पोगाचारला, त्याच झ्युरिकला. पुलिदोर हा व्हॅन डर पूलचा आजोबा, आईचे वडील. त्यामुळे व्हॅन डर पूल तिथे जिंकला तर मी तुम्हा सगळ्यांना मिसळ देईन, नाशिकची की पुण्याची ते नंतर भांडून ठरवू.

नाशिक_ते_त्र्यंबक :

त्यात भांडण काय, नाशिकचीच.

रेनबो_मृदुला :

आणि व्हालिएर क्युबेकची आहे, म्हणजे घरच्या लोकांसमोर रेनबो जर्सीत उतरेल ती, शनिवारची रेस पण बघा रे जरा. फक्त टायमिंग बघून ठेवा, मॉन्ट्रिआल आपल्या साडेनऊ तास मागे आहे, किगालीसारखी संध्याकाळी चहा घेत बघायची सोय नाही. पुरुषांची रेस संपेपर्यंत आपल्याकडे मध्यरात्र उलटून जाईल, सोमवारची सुट्टी आधीच टाकून ठेवा.